संकोच नको, तपासणी हवी

अंगावरून पांढरे जाते, खाज सुटते, पण सांगायचे कुणाला? सासूबाईंसमोर बोलता येत नाही आणि डॉक्टर पुरुष असले की तोंडच उघडत नाही. मग घरच्या घरी उपाय सुरू होतात. कुणी दिवसातून तीनतीनदा साबणाने आतून धुते, तर कुणी पाण्यात जंतुनाशक घालते.

हा संकोच किती महागात पडतो, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात तिचे निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता आणि त्यांतला निम्मा भार जंतुसंसर्गाचा होता. त्यापूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया मात्र फक्त ८ टक्के!

धुण्याचा अतिरेक नको

योनिमार्गात उपयुक्त जीवाणू असतात. ते आम्ल तयार करून रोगजंतूंना थोपवतात. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतल्यास हे रक्षकच नाहीसे होतात. म्हणून फक्त बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, तोही पुढून मागे. आतले कपडे सुती असावेत. पाळीचे कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. लाजेपायी ते साडीखाली दडपून वाळवू नये. पॅड चारसहा तासांनी बदलावे.

केव्हा दाखवावे?

दोन पाळ्यांच्या मधल्या काळात पारदर्शक, वास नसलेला स्राव जाणे हा आजार नव्हे. परंतु स्राव दह्यासारखा असून खाज सुटत असेल, त्याला माशासारखा वास येत असेल किंवा तो हिरवट-पिवळा व फेसाळ असेल, तर डॉक्टरांना दाखवा. या तिन्हींना एकच औषध चालत नाही. म्हणून शेजारणीच्या गोळ्या घेऊ नका. काही संसर्गांत पतीनेही औषध घ्यावे लागते, नाहीतर त्रास उलटतो. वारंवार बुरशी होत असल्यास रक्तातली साखर तपासा. ओटीपोटात दुखून ताप येणे, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणे, ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नका.

घरातल्या सर्वांच्या दुखण्याखुपण्याची काळजी आपण घेतो. मग स्वतःच्याच दुखण्याची लाज कशाला? आणि हो, वयात येणाऱ्या मुलीलाही हे आजच सांगा.