शीर दिसणं आणि शीर सापडणं

मागच्या रविवारी रात्री ताईचा फोन आला. तीन वर्षांच्या भाच्याला जुलाब-उलट्या. हॉस्पिटलमध्ये पोचलो, सलाईन लावायचं ठरलं, आणि पुढचा पाऊण तास मी विसरणं शक्य नाही. ताईने त्याचे खांदे धरलेले, मी पाय. पाच वेळा सुई टोचली. चौथ्या वेळी तो रडायचा थांबला आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिला. मामा असून तूच धरून ठेवतोस?

सिस्टरांना दोष देणार नाही. मुलांच्या शिरा बारीक, वर गुबगुबीत हात. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की शिरा आणखी चपट्या होतात. म्हणजे ज्याला सलाईनची गरज जास्त, त्याचीच शीर सापडत नाही!

सवयीप्रमाणे घरी येऊन नेटवर शोधलं. यावर यंत्र असणारच. आहेच. इन्फ्रारेड प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, आजूबाजूचा भाग तो परत पाठवतो. कॅमेरा हा फरक टिपतो आणि शिरांचा नकाशा थेट हातावर उमटतो. बघायला एकदम जादू.

पण मुलांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर पहिल्याच प्रयत्नात सुई लागण्याचं प्रमाण सरसकट वाढलेलं दिसत नाही. फायदा दिसतो तो मुख्यतः अवघड शिरा असलेल्या मुलांत. कारण सोपं आहे: नकाशा सपाट असतो. शीर कुठे ते कळतं, किती खोल ते नाही.

सोनोग्राफीत खोली दिसते, सुईचं टोकही दिसतं. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अवघड शिरांची १६७ मुलं होती. पहिल्या प्रयत्नात यश सोनोग्राफीने सुमारे ८५ टक्के, नेहमीच्या पद्धतीने ४६. मात्र सुई टोचणारे लोक त्यासाठी तयार केलेले होते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते. कायदा हवाच, पण मशीन वॉर्डात आणणं हे नुसतं खरेदीचं काम उरत नाही.

आपण सॉफ्टवेअरवाले चकचकीत डॅशबोर्ड लावतो आणि बग सुटला असं समजतो, तसंच हे. माझं मत विचाराल तर यंत्राआधी नियम हवा: दोन प्रयत्न फसले की सुई सर्वांत अनुभवी माणसाच्या हातात. घाई नसेल तर तासभर आधी बधिर करणारं क्रीम. या दोन्हींना फारसा खर्च नाही. मग सोनोग्राफी, आणि ती शिकवण्यासाठी वेळ.

तुमच्यावर अशी वेळ आली तर शांतपणे विचारा, "सिस्टर, दोनदा नाही जमलं तर कोणाला बोलवायचं?" मी विचारलं नाही, धरून बसलो.

असो. भाचा आता ठणठणीत आहे. फक्त मी दिसलो की दोन्ही हात पाठीमागे लपवतो.