सहलीचा बेत उघडपणे करू या

1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. सहलीची इच्छा सहकाऱ्यांची होती, बाबासाहेबांनी ती मान्य केली. नाशिकहून काही बस आणि मोटारी भाड्याने घेतल्या. येवल्यामार्गे औरंगाबादेकडे जायचे आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा, असा बेत होता. हा बेत मात्र बाहेर जाहीर केला नव्हता, आणि मुद्दामच केला नव्हता. अस्पृश्य प्रवासी येत आहेत हे कळले की वाटेत काय वाढून ठेवलेले असते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही किल्ल्याच्या दारातील हौदावर काहींनी धुळीने माखलेले हातपाय धुतले आणि पाणी बाटवल्याचा गदारोळ उठला. अखेर आत जाण्याची परवानगी मिळाली ती पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, आणि वर पाळतीला हत्यारबंद शिपाई! बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे.

पुढे त्याच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या संविधानात कलम 15 आले. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे सहलीला निघालेल्या माणसाला जे जे लागते ते बहुतेक सारे या एका कलमात आहे. तेव्हा आम्हाला बेत लपवावा लागत होता. आज लपवण्याचे कारण उरले नाही. मग आज आमच्या पालम-गंगाखेडच्या पट्ट्यात कुटुंबाच्या सहलीचा बेतच का केला जात नाही?

आमचा समाज प्रवास करत नाही असे नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, विजयादशमीला दीक्षाभूमी, 14 जानेवारीला विद्यापीठ गेट, या तारखा आम्हाला पाठ आहेत. पण ते अभिवादन आहे. तिथली गर्दी हीच आमची ताकद आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. मात्र आई-वडील, लेकरे, म्हातारी माणसे यांना सोबत घेऊन दोन दिवस निवांत काही पाहायला जाणे ही चैन आहे, ती आपल्यासाठी नाही, असा समज अजून घट्ट आहे. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईने पद्मपाणीचे चित्र का पाहू नये? विश्रांती आणि आनंद हेही माणूसपणाचे हक्क आहेत.

आणि जेव्हा निघतो तेव्हा कसे निघतो? आदल्या रात्री ठरते. गावातला पिकअप किंवा छोटा हत्ती मिळतो. खाली सतरंजी, वर ताडपत्री, आणि वीस-पंचवीस माणसे मागे. बायका-लेकरे मालासारखी भरली जातात. इथे आम्हाला वकील म्हणून चार शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत.

मालवाहू वाहनात बसलेल्या प्रवाशाला विम्याचे संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या डिसेंबरात आशा राणी प्रकरणात हे सांगितले. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 147 मध्येच मालवाहू गाडीतील फुकट प्रवाशाला वगळले आहे. मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांचे वेगळे. भाडे दिले म्हणून प्रवाशाची बाजू भक्कम होत नाही, कारण ते वाहन प्रवाशांसाठी नाहीच. काही प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. पण त्या भरवशावर लेकरांना गाडीत बसवायचे काय? एरवी भरपाईची जबाबदारी गाडीमालकावर पडते, आणि तो मालक म्हणजे बहुधा कर्जाच्या हप्त्यांत बुडालेला आपल्याच गावचा तरुण असतो. हुकूमनामा हाती येतो, पैसा येत नाही. घरातली कर्ती बाई गेली, मुलगा अपंग झाला आणि कुटुंब उघड्यावर आले, अशी ही गोष्ट गावोगावी आहे.

पांढऱ्या पाटीची जीप भाड्याने नेणेही तितकेच धोक्याचे. खासगी गाडीचा विमा खासगी वापरासाठीच असतो, आणि नुसता ‘थर्ड पार्टी’ असेल तर आत बसलेल्यांना तो लागूच होत नाही. म्हणून गाडी ठरवताना भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. पाटी पिवळी आहे काय? पासिंग किती सीटचे आहे? विमा आणि फिटनेस कोणत्या तारखेपर्यंत आहे? गाडीचा नंबर घेऊन ‘एम-परिवहन’ ॲपवर हे पाहता येते. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी पाच मिनिटांत पाहून देईल. पासिंगपेक्षा जास्त माणसे बसवली तर कलम 194-अ प्रमाणे दर जादा माणशी दोनशे रुपये दंड आहे आणि ती माणसे उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. रात्री मंठ्याच्या अलीकडे म्हातारी माणसे रस्त्यावर उतरली तर कोणाकडे जाणार?

आता बेताकडे वळू. पालमहून गंगाखेड, परभणी, जिंतूर, मंठा, जालना असे छत्रपती संभाजीनगर अडीचशे किलोमीटरहून अधिक पडते. तिथून वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा शंभर. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट म्हणजे रात्रभर जागलेल्या चालकाच्या हाती कुटुंब सोपवणे. दोन मुक्काम धरा. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरअखेर तुडुंब गर्दी. उरतात बुधवार ते शुक्रवार. मुलांनी शाळेतून दोन दिवसांची रजा घ्यावी. अजिंठा पाहणे म्हणजे शाळा बुडवणे नव्हे.

वेरूळला सारी गर्दी सोळाव्या कैलास लेण्याकडे धावते. आपण सकाळीच पहिल्या बारा बौद्ध लेण्यांकडे वळावे. दहाव्या लेण्यातला चैत्य आणि बाराव्यातले तीन मजले शांतपणे बघता येतात. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. तेव्हा पाणी, औषधे, म्हाताऱ्यांची काठी गाडीत विसरू नका. चित्रे पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात आहेत. तिथे फ्लॅश मारू नये, भिंतीला हात लावू नये. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे विशाल शिल्प आहे. तिथवर चालण्याचे बळ राखून ठेवा.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे, डोंगरात कोरलेली शंभराहून अधिक बौद्ध लेणी. उद्यान सोमवारी बंद आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीने फुललेले असते. लोक झाडी आणि वाघ-सिंह बघायला जातात. आपल्या मुलांना भिक्खूंनी दगडात खोदलेली पाण्याची टाकी दाखवा. ज्या पाण्यासाठी आम्हाला महाडला जावे लागले ते पाणी तिथे शतकानुशतके डोंगर साठवतो आहे.

बेत करताना घरातल्या बायकांना आधी विचारा. शौचालय कुठे आहे, मुक्काम कुठे आहे, स्वयंपाक कोण करणार, हे प्रश्न त्यांनाच पडतात, कारण सोसावे त्यांनाच लागते. सहलीतही बायका चुलीपुढेच बसणार असतील तर सहल झाली ती पुरुषांची.

पैशाचे काय, असे विचारले जाईल. प्रश्न खरा आहे. पण जयंतीच्या एका रात्री डीजेच्या भिंतीवर जी वर्गणी उडते तिचा हिशेब गावातल्या तरुणांनी एकदा मांडावा. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, मोठ्या गटासाठी प्रासंगिक कराराची एसटी मिळते, परभणीहून रेल्वे आहे. दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून चार कुटुंबे मिळून हे जमवू शकतात.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, पुढच्या पौर्णिमेला विहारात बसा आणि फळ्यावर लिहा: तारीख, मार्ग, गाडीचा नंबर, सीट किती, चालक कोण, मुक्काम कुठे, आणि खाली येणाऱ्या प्रत्येकाचे नाव. नावे सीटपेक्षा जास्त झाली तर दुसरी गाडी ठरवा, नाही तर दुसरी तारीख. पण पिकअपच्या मागे एकही लेकरू बसवू नका.