एकाच शहरातली सात वर्षं

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा गेम नोव्हेंबर २००९मध्ये आला. तो घडवायला कॅनडाच्या बायोवेअर कंपनीने कित्येक वर्षं घेतली होती. 'ड्रॅगन एज २' मात्र मार्च २०११मध्ये बाजारात हजर झाला. मधे जेमतेम १६ महिने. ज्यात आपण एका पात्राच्या अंगात शिरून तासन् तास त्याचे निर्णय घेत राहतो, असा रोल-प्लेइंग गेम एवढ्या अवधीत नीट पुरा होत नाही. ती घाई इथे पावलोपावली दिसते. तरीही या मालिकेतला माझ्या सर्वांत जवळचा गेम हाच, आणि लोक त्याला नावं ठेवून मोकळे होतात याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या भागात राज्य वाचवायचं होतं. दुसऱ्यात पोट भरायचं आहे. राक्षसी फौजेने गाव उद्ध्वस्त केल्यावर हॉक नावाचं आपलं पात्र आई आणि भावंडांना घेऊन पळतं. वाटेतच एक भावंड मरतं. समुद्र ओलांडून ही मंडळी आईच्या माहेरी, कर्कवॉलला पोचतात, तर निर्वासितांसाठी दरवाजे बंद. आजोळची हवेली मामाने कर्जापायी घालवलेली. शेवटी आत शिरायला मिळावं म्हणून एक वर्ष तस्करांची नाही तर भाडोत्री सैनिकांची चाकरी करायची. पुढची सगळी कथा याच शहरात, जवळपास सात वर्षांच्या काळात घडते. वीरकथा सांगणाऱ्या गेममध्ये निर्वासितांच्या घरातली तंगी, मामाच्या खोलीतली अडचण आणि भावंडांची धुसफूस इतक्या जवळून मी त्याआधी पाहिली नव्हती.

पण शहरात सात वर्षं गेली असं डोळ्यांना कुठेच जाणवत नाही. लोटाउनच्या गल्ल्या पहिल्या अंकात जशा, तशाच तिसऱ्या अंकात. गुहांची तर कमालच आहे. किनाऱ्यावरची गुहा, डोंगरातली गुहा, तस्करांचा अड्डा, सगळीकडे तोच नकाशा, तीच वळणं. फक्त कधी हा दरवाजा दगडी फळीने बंद, कधी तो. लढाईत एक टोळी संपवली की दुसरी छपरावरून टपकते, त्यामुळे आधी उभं राहून आखलेला डाव वाया जातो. ही सगळी कथा व्हॅरिक नावाचा सोबती चौकशीत बसून सांगतोय आणि तो तिखटमीठ लावतो, हे गेम सुरुवातीलाच दाखवतो. मग गुहांचा सारखेपणाही त्याच्या सांगण्याचाच भाग मानावा का? मला ते पटत नाही. व्हॅरिकसारख्या रंगेल कथेकऱ्याने प्रत्येक गुहा वेगळी रंगवली असती.

घाईत केलेल्या गेममध्येही लेखकांची मेहनत लपत नाही, ती माणसांमध्ये. शहरात बायका बेपत्ता होत असतात आणि त्याआधी त्यांना पांढऱ्या लिलीची फुलं आलेली असतात. दुसऱ्या अंकात तीच फुलं आपल्या घरी येतात, आईसाठी. ती कोणाला तरी भेटायला गेलेली असते. रक्ताच्या खुणांमागे धावत आपण पोचतो, खुन्याला मारतो. पण कुठलाही पर्याय निवडला तरी आई वाचत नाही. आपल्या हातात सगळं आहे ही अशा गेमची सवयच असते, आणि हा गेम ती या एका प्रसंगात मोडतो. त्यानंतर घरात हॉक गप्प बसलेली असते आणि एक सोबती येऊन शेजारी बसतो.

सोबत्यांशी नातंही इथे दोन अंगांनी वाढतं. आधीच्या भागात भेटवस्तू देऊन मनं सांभाळता येत होती. इथे ज्याच्याशी आपलं पटत नाही, तोही दुरावत नाही. सतत विरोध करता करता त्याला आपल्याविषयी आदर वाटू लागतो. दर्यावर्दी इझाबेला एका ग्रंथासाठी शहर संकटात टाकून पळते. नातं पुरेसं घट्ट असेल, मग ते मैत्रीचं असो वा टकरीचं, तर ती परत येते. हे फार खरं आहे. ज्यांच्याशी आयुष्यभर वाद घातला, ती माणसंही अडचणीला धावून येतात.

शेवट मात्र कोसळतो. अँडर्स हा सोबती चँट्री, म्हणजे शहराचं मुख्य प्रार्थनास्थळ, स्फोटाने उडवतो तो क्षण जबरदस्त आहे. त्याला मारायचं की सोडायचं हे ठरवताना माझा हात खरोखर थबकला. पण त्यातून पेटलेल्या लढाईत पुढे जादूगारांची बाजू घ्या नाही तर त्यांच्या पहारेकऱ्यांची, दोन्ही पुढाऱ्यांशी लढावंच लागतं. जादूगारांच्या बाजूने उभं राहिल्यावरही त्यांचा मुख्य ओर्सिनो अचानक राक्षस होऊन आपल्यावरच चालून येतो, याला कथेत आधार नाही.

२०१४च्या 'इन्क्विझिशन'ने मैदानं, वाळवंटं, किल्ले असं सगळं भरभरून दिलं. हॉकही त्यात भेटते. मी ते सगळं आवडीने फिरले, पण मामाच्या त्या एका खोलीत जेवढी माणसं कळली तेवढी त्या मैदानांत नाही कळली. बायोवेअरने कर्कवॉलला आणखी एक वर्ष द्यायला हवं होतं.