सोळाच्या रिमचा आग्रह सोडा

टायर बदलायला गेलं की आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: "चौदाच्या जागी सोळाचे अलॉय टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. मायलेजला काही होत नाही."

या सल्ल्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. 2018 च्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर 14 टायर येत, वरच्याला 185/65 आर 15. त्या जागी 195/55 आर 16 बसवला तरी चाकाचा व्यास 620 मिलिमीटरच्या आसपासच राहतो, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. वळणावर गाडी कमी झुकते, स्टिअरिंगला लगेच प्रतिसाद देते. आमण्याला समृद्धी महामार्गावर चढून 120 ने जाणाऱ्याला हा फरक नक्की जाणवेल.

पण आपली रोजची वाट समृद्धीची नाही. व्यास तोच ठेवून रिम वाढवली की रबर घटतं. 165/80 ची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, 132 मिलिमीटर उंच, 195/55 ची 107. कल्याण-शिळ रस्त्यावरचे आणि घोडबंदरचे खड्डे हेच 25 मिलिमीटर पचवत होते. आता तो दणका रिमला, सस्पेन्शनला आणि मागे बसलेल्या आईच्या कमरेला बसतो. खड्ड्याच्या कडेवर साइडवॉल चिमटली की आतले धागे तुटतात, टायरला फुगा येतो आणि तो टायर फेकूनच द्यावा लागतो.

मायलेजचा दावाही टिकत नाही. मोठी रिम आणि रुंद टायर मिळून चाक बहुधा जडच होतं. माजिवडा-कापूरबावडीच्या कोंडीत गाडी पुन्हा पुन्हा थांबते; दर वेळी ते जड चाक नव्याने फिरवायला इंधन जळतं आणि ब्रेक दाबताच ती मेहनत वाया जाते. मायलेज कोसळल्याची तक्रार करणाऱ्यांनी मात्र मीटरही तपासावा. 185/65 च्या जागी 195/65 आर 15 टाकला तर व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, 100 किलोमीटर गेल्यावर मीटर 98 दाखवतो आणि हिशेबात मायलेज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं.

राहिली पकड. टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः गाडीचं वजन आणि आतली हवा ठरवते. रुंदी वाढवली की टेकणारा भाग आडवा पसरतो, फारसा वाढत नाही. असा टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. जुलैच्या पावसात उपयोगी पडतात ते चांगलं रबर आणि खोल खाचा.

म्हणून माप कंपनीचंच ठेवावं आणि पैसा टायरच्या दर्जावर घालावा. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना होणारा विरोध), ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांचे निकष केंद्र सरकारने 2022 मध्ये अधिसूचित केले आहेत. टायर घेताना दुकानदाराला त्याबद्दल जरूर विचारा. रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्के घटला तर इंधन एक-दोन टक्के वाचतं. हवा कमी असली की तो वाढतो, म्हणून ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी हवा टायर थंड असताना भरून घ्या. आणि सोळाच्या रिमसाठी बाजूला काढलेल्या पैशांत चौदाचे चार उत्तम टायर घ्या.