विश्लेषण : नेपल्सपासून हजारो किलोमीटर दूर मिळणारा पिझ्झा ‘अस्सल’ कसा? आणि भट्टीतल्या लाकडावरून वाद का?

मेनूकार्डवर ‘ऑथेंटिक नेपोलिटन पिझ्झा’ असे लिहिलेले असते. किंमत नेहमीच्या पिझ्झापेक्षा बरीच जास्त. समोर येतो तो मधोमध ओलसर, कडेला फुगलेला आणि जागोजागी काळे डाग पडलेला पिझ्झा. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटते, हा एकाच वेळी कच्चाही आहे आणि करपलेलाही! प्रत्यक्षात नेपल्समधला पिझ्झा असाच असतो. पण इटलीतल्या एका शहराचा पदार्थ टोकियो, न्यूयॉर्क किंवा मुंबईत बनला, तर त्याला अस्सल म्हणायचे का? त्याचे नियम कोण ठरवते? आणि ज्या लाकडी भट्टीमुळे तो ओळखला जातो, तिच्यावरच आता शहरे निर्बंध का आणत आहेत?

अस्सल नेपोलिटन पिझ्झाची व्याख्या काय?

ही व्याख्या चक्क कागदावर आहे. नेपल्समधल्या पिझ्झा कारागिरांनी 1984 मध्ये ‘असोसियाझिओने व्हेराचे पिझ्झा नापोलेताना’ (एव्हीपीएन) ही संघटना स्थापन केली. झटपट पिझ्झा विकणाऱ्या साखळ्यांपुढे मूळ पद्धत टिकवणे हा तिचा उद्देश. पुढे 2010 मध्ये युरोपीय संघाने ‘पिझ्झा नापोलेताना’ला ‘पारंपरिक वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन’ म्हणून मान्यता दिली आणि नियमावली प्रसिद्ध केली.

नियम बारकाईचे आहेत. पिझ्झाचा व्यास 35 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. मधला भाग साधारण 4 मिलिमीटर जाड, कड 1 ते 2 सेंटीमीटर उंच. पिठात फक्त पाणी, मीठ आणि यीस्ट. तेल किंवा साखर नाही. गोळा हातानेच पसरायचा, लाटणे लावायचे नाही. सुमारे 485 अंश सेल्सिअस तापमानाच्या लाकडी भट्टीत तो 60 ते 90 सेकंदांत भाजायचा. प्रकार मुळात दोनच. मरिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. मार्गेरिता म्हणजे टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीतली बेसिलची पाने आणि तेल.

हापूसच्या मानांकनापेक्षा हे वेगळे कसे?

कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांबाहेर पिकलेला आंबा कितीही गोड असला, तरी या मानांकनाखाली विकता येत नाही. म्हणजे तिथे ओळख मातीशी बांधलेली आहे.

नेपोलिटन पिझ्झाची मान्यता जागेशी नाही, पद्धतीशी बांधलेली आहे. नियम पाळले, तर तो कुठेही बनू शकतो. युनेस्कोने डिसेंबर 2017 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जे घेतले, तेही पिझ्झाला नव्हे, तर तो बनवणाऱ्या नेपल्सच्या ‘पिझ्झायुओलो’ कारागिरांच्या कलेला. कला हातात असते आणि हात प्रवास करू शकतात. हा पिझ्झा जगभर गेला, त्यामागे हे मोठे कारण आहे.

टोकियोत नेपल्स कसे पोहोचले?

याचे सर्वात ठळक उदाहरण जपान आहे. सुसुमु काकिनुमा हे जपानी कारागीर नेपल्सला गेले, तिथले पिझ्झा खाऊन आणि निरखून पद्धत समजून घेतली आणि 1990 च्या दशकात टोकियोत ‘सावोय’ सुरू केले. त्यांच्या नंतरच्या ‘सेरिनकान’ या दुकानात मरिनारा आणि मार्गेरिता या दोनच पिझ्झांवर भर राहिला. त्यानंतर अनेक जपानी तरुणांनी नेपल्समध्ये उमेदवारी केली. 2010 मध्ये नेपल्सला झालेल्या पिझ्झा कारागिरांच्या जागतिक स्पर्धेत नागोयाचे अकिनारी माकिशिमा विजेते ठरले. नेपल्समधले 1870 पासूनचे ‘दा मिकेले’ हे दुकानही 2012 मध्ये टोकियोत आले.

मजा म्हणजे, टोकियोतल्या काही कारागिरांनी पिझ्झा भट्टीत सरकवण्यापूर्वी तळावर मिठाची चिमूट टाकण्यासारखे स्वतःचे बदल केले. आज खाद्यप्रेमी ‘टोकियो शैली’ असा वेगळा उल्लेख करतात. नियम शिकता शिकता तिथे नवी परंपरा तयार झाली.

दूरच्या शहरात नेमके अडते कुठे?

‘तिथल्या पाण्याची चव इथे नाही’ हे पिझ्झाबद्दल सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य. पाण्यातल्या क्षारांचा पिठावर थोडा परिणाम होतो, हे खरे. पण त्याहून कितीतरी मोठा फरक पीठ आंबवण्याचा वेळ आणि भट्टीची उष्णता यांमुळे पडतो.

पीठ, डबाबंद टोमॅटो जहाजाने कुठेही जातात. मात्र डब्यावर ‘सान मार्झानो’ लिहिले म्हणजे ते नेपल्सजवळचेच टोमॅटो असतात असे नाही. ते टोमॅटोच्या वाणाचेही नाव आहे; मूळ प्रदेशाची हमी हवी, तर युरोपीय संघाचा ‘डीओपी’ शिक्का पाहावा लागतो. ताज्या मोझरेलाचे गणित अवघड, कारण ती काही दिवसच टिकते आणि विमानाने आणावी लागते. इथे भारताची बाजू भक्कम आहे. म्हशीच्या दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. इथल्या दुधाच्या मोझरेलाला कंपानिया प्रांताचे नाव लावता येणार नाही, पण ती ताजी मिळू शकते.

खरी अडचण भट्टीची आहे. घरचा ओव्हन साधारण 250 अंशांपर्यंत तापतो. तेवढ्या उष्णतेत पिझ्झाला सात-आठ मिनिटे लागतात आणि तोपर्यंत पिठातले पाणी उडून जाते. मग बसतो तो कुरकुरीत किंवा कडक थर. दीड मिनिटात भाजलेली कड बाहेरून डागाळते, आतून मऊ राहते.

मग लाकडी भट्टीवर संक्रांत का?

कारण धूर. लाकूड जळताना सूक्ष्म धूलिकण हवेत जातात आणि दाट वस्तीत ते थेट श्वासात येतात. डिसेंबर 2015 मध्ये खुद्द नेपल्सजवळच्या सान व्हितालियानो गावाने धूर गाळणारी यंत्रणा नसलेल्या लाकडी भट्ट्यांवर काही महिने बंदी घातली. न्यूयॉर्कमध्ये एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमानुसार लाकूड-कोळशाच्या जुन्या भट्ट्यांना धूलिकणांचे उत्सर्जन 75 टक्क्यांनी कमी करावे लागते.

मुंबईतही हा प्रश्न आला आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले. महापालिकेने कोळशाच्या तंदूरवरूनही हॉटेलांना नोटिसा दिल्या. याचा मोठा भार पाव बनवणाऱ्या छोट्या बेकऱ्यांवर आहे. भट्टी बदलण्याचा खर्च त्यांना पेलत नाही. महागडा पिझ्झा विकणारे रेस्टॉरंट तो खर्च ग्राहकाकडून वसूल करू शकते, पावाला ती सोय नाही.

विजेच्या भट्टीतला पिझ्झा अस्सल का?

उत्तर कोणाला विचारता यावर अवलंबून आहे. युरोपीय संघाची 2010 ची नियमावली फक्त लाकडी भट्टी मानते. एव्हीपीएनने मात्र आवश्यक तापमान गाठणाऱ्या, चाचणीत उतरलेल्या काही गॅस आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे. म्हणजे एकच पिझ्झा एका कागदावर अस्सल, दुसऱ्यावर नाही!

संघटनेच्या भूमिकेमागे तर्क आहे. दीड मिनिटात भाजून निघणाऱ्या पिझ्झात धुराची चव मुरायला वेळच मिळत नाही. त्याला हवी असते ती तीव्र उष्णता. परंपरावाद्यांचे म्हणणे वेगळे : लाकडाची आग सतत बदलते, ती ओळखून पिझ्झा फिरवणे हाच कारागिरीचा भाग आहे, बटण दाबून तापमान मिळाले, तर ते कौशल्य हळूहळू जाईल.

ग्राहकाने काय पाहावे?

भट्टीत लाकूड दिसते का, यापेक्षा पिझ्झा किती वेळात आला, कड हलकी आणि मऊ आहे का, पीठ हाताने पसरले जाते का, हे पाहावे. मेनूत चाळीस प्रकार असतील आणि मार्गेरिताच बेचव असेल, तर ‘ऑथेंटिक’ हा शब्द केवळ किंमत वाढवण्यासाठी आहे असे समजावे.

जागेचे बंधन नेपोलिटन पिझ्झाने सोडले, तेव्हा तो संपला नाही, उलट जगभर पसरला. आता लाकडाचे बंधन सोडायचे का, हा त्याच्यापुढचा पुढचा प्रश्न आहे. भट्टीशेजारी राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा विचार केला, तर तो फार काळ टाळता येणार नाही.