माल तोच असतो

वर्षानुवर्षे चिलीम ओढणाऱ्या मनुष्याची एक तक्रार ठरलेली असते, आणि ती तो वैद्यापुढे नव्हे तर विकणाऱ्यापुढे मांडतो: माल पहिल्यासारखा राहिला नाही. बहिरमच्या यात्रेत, रोडग्यांच्या आरापासून अंमळ दूर, धुनीशी बसलेल्या एका वृद्ध बुवांनी मलाही हेच ऐकवले. ‘दोन चिलमा ओढल्या तरी काई होत नाई भाऊ, सारी भेसळ हाये.’ भेसळ होतच नसेल असे मानण्याइतका मी भोळा नाही. परंतु या तक्रारीचे मूळ पुष्कळदा विकणाऱ्याच्या तागडीत नसून ओढणाऱ्याच्या मेंदूत असते, आणि व्यसनाचा विचार करणाऱ्या आपल्या समाजाने या गोष्टीची दखल अद्याप घेतलेली नाही, अशी माझी फिर्याद आहे.

प्रश्न जुनाच आहे. 1893 साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी जे कमिशन नेमले, त्याने हजारांहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या, आणि बेताने घेणाऱ्याची सवय वाढत जाऊन तिचे पर्यवसान अतिरेकात होते काय, हेही त्यांस विचारले. अंमलदारांनी आणि डॉक्टरांनी आपापल्या अवलोकनानुसार उत्तरे दिली. खुद्द पेशीची जबानी घेण्याचे साधन मात्र त्या काळी कोणाजवळच नव्हते.

ते साधन हाती येण्यास शतक लोटले. गांजातील मुख्य मादक द्रव्य, म्हणजे टीएचसी, 1964 साली इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. 1988 साली अमेरिकेत हाउलेट आणि डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत ते जेथे चिकटते त्या ग्राही प्रथिनाचा पुरावा दिला. आणि 1992 साली त्याच ग्राहीला चिकटणारे, शरीर स्वतःच निर्माण करीत असलेले आनंदामाइड सापडले. सीबी-1 या नावाने ओळखला जाणारा हा ग्राही चेतापेशीच्या पटलावर बसून पलीकडच्या पेशीकडून उलट आलेला निरोप ऐकतो आणि आपल्या पेशीचा संदेशस्राव आवरतो. शरीराचे स्वतःचे द्रव्य गरजेपुरते निर्माण होऊन लवकर विघटित होते. चिलमीतून आलेले द्रव्य मात्र तासन्‌तास ठाण मांडून बसते.

अशा वेळी पेशी काय करते, हे एखाद्या कचेरीच्या खिडकीवरून ध्यानात यावे. अर्जांचा लोंढा थांबेना की कारकून प्रथम जागेवर बसूनच कानाडोळा करतो: ग्राहीच्या आतल्या शेपटीवर काही विकरे फॉस्फेटचे शिक्के मारतात, त्या शिक्क्यांवर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते, आणि निरोप आत पोचविणारी साखळी तुटते. लोंढा तरीही ओसरला नाही तर कारकुनासच आत बोलावले जाते, म्हणजे पटलाचा तेवढा भाग खळग्यासारखा आत वळून, क्लॅथ्रिनच्या जाळीत गुंडाळला जाऊन, ग्राहीसकट पेशीच्या पोटात जातो. तेथून तो पुन्हा खिडकीवर रुजू होतो, किंवा कायमचा बडतर्फ होऊन लायसोसोममध्ये नष्ट केला जातो.

सिअॅटलच्या केन मॅकी यांच्या गटाने 1999 साली उंदराच्या पीयूषिका ग्रंथीपासून मिळालेल्या पेशींवर जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते मला विशेष बोलके वाटतात. उत्तेजक द्रव्याचा संपर्क वीस मिनिटांचा असेल तर ते द्रव्य दूर होताच आत गेलेलेच ग्राही पटलावर परतत. संपर्क नव्वद मिनिटांचा झाला तर परतीसाठी पेशीला नवे प्रथिन घडवावे लागे. प्रयोगशाळेत बनविलेली जहाल द्रव्ये ग्राहींना भराभर आत ढकलीत, आणि टीएचसी त्या मानाने पुष्कळच सौम्य ठरले. परंतु जे एका घटकेत होत नाही ते रोजच्या सवयीने होते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या, मेंदूच्या पेट चित्रणावर आधारलेल्या एका अमेरिकन अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाह्यकात सीबी-1 ग्राही सुमारे 20 टक्के कमी आढळले, आणि देखरेखीखाली सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर ते बहुतांशी पूर्ववत झाले.

हे चार आठवडे आमच्याकडे कोणी हिशेबात धरीत नाही. मुलगा व्यसन सोडतो म्हणाला की आठव्या दिवशी त्याची चिडचिड, उडालेली झोप आणि मेलेली भूक पाहून बाप म्हणतो, ‘याच्यात दमच नाही’. वास्तविक त्या दिवसांत त्याच्या मेंदूचा स्वतःचा निरोप ऐकणारे ग्राहीच अपुरे असतात, आणि नव्यांची भरती व्हायची असते. गांजा म्हणजे शंकराचा प्रसाद, त्याने काय होते, असे म्हणणारे या हिशेबाकडे पाहत नाहीत. त्याला चारित्र्याचा नादारपणा ठरविणारेही पाहत नाहीत. मला दुसऱ्या वर्गाचा राग अधिक येतो, कारण मुलाला घराबाहेर काढण्याचा अधिकार त्याच्या हाती असतो.

कायदा या बाबतीत बापापेक्षा समजूतदार निघाला. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे 27 वे कलम गांजा सेवन करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगते; पण त्याच कायद्याचे 64-अ कलम, सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वखुशीने मान्यताप्राप्त संस्थेत उपचारास गेला तर त्यास खटल्यातून सूट देते. उपचार अर्धवट टाकला तर ती सूट काढून घेता येते. म्हणून मुलाला अशा संस्थेत पोचविणाऱ्या पालकाने दुसऱ्या आठवड्यात त्याच्या रडण्याला भुलून, अथवा त्याच्या संतापाला कंटाळून, त्याला घरी परत आणू नये.