दहा शेजाऱ्यांची संमती आणि एका कुत्र्याची सोबत

मे २०२५ मध्ये अहमदाबादच्या हाथीजण भागात एका पाळीव रॉटवायलरने चार महिन्यांच्या बालिकेचा जीव घेतला. त्याचे पडसाद सुरतेत तत्काळ उमटले. तेथील महापालिकेने कुत्रा पाळण्याच्या परवान्यासाठी दहा शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र मागायला सुरुवात केली. सदनिकेत राहणाऱ्यांना सोसायटीच्या अध्यक्ष-सचिवांची संमतीही आणावी लागेल, असे सांगण्यात आले. गोमंतकीय वाचकाने याकडे परक्या शहराची बातमी म्हणून पाहू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेव्हा आपल्याकडेही हीच अस्वस्थता दाटून आली होती. त्यानंतर हिंस्र जातींवर बंदीसाठी कायद्याचा मार्ग धरला गेला.

भय खरे आहे. बालकाचा जीव गेल्यावर प्रशासनाने हातावर हात ठेवून बसावे, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की सुरतेने शोधलेले औषध या रोगावरचे आहे काय? आणि ते घेताना आपण काय गमावतो, याचा हिशेब कोणी केला आहे काय?

पाळीव प्राण्याच्या सोबतीने माणसाचे आरोग्य सुधारते, ही समजूत जुनी. तिची शास्त्रीय चाचपणी मात्र अलीकडची. १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा इस्पितळातून घरी गेल्यानंतर वर्षभर मागोवा घेतला. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी तिघे दगावले. प्राणी नसलेल्या ३९ पैकी अकरा. संख्या लहान होती, पण फरक डोळ्यांत भरणारा होता. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये चौतीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकट्या राहणाऱ्यांत कुत्रा पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. भरल्या घरातील लोकांत हा फरक बराच कमी होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. सोबतीचा लाभ सर्वाधिक त्यालाच, ज्याला दुसरी सोबत नाही.

येथे उत्साहाला थोडा आवर घालायला हवा. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. धडधाकट आणि सुस्थितीतील माणूसच कुत्रा पाळण्याच्या भानगडीत पडतो, ही शक्यता उरतेच. कॅलिफोर्नियातील पाच हजारांहून अधिक कुटुंबांच्या अभ्यासात प्राणी असलेल्या घरांतील मुले प्रथमदर्शनी अधिक निरोगी दिसली; पण उत्पन्न, घराची मालकी आदी बाबी हिशेबात घेताच तो फरक विरून गेला. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०१३ मध्ये काढलेला निष्कर्षही तोलून मापून आहे: कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका घटण्याची शक्यता आहे, मात्र केवळ तेवढ्यासाठी प्राणी घरी आणू नये. शिवाय साखळीच्या हिसक्याने पडून हाड मोडलेल्या ज्येष्ठांची संख्या त्याच देशात २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून अधिक झाली, हेही नोंदवायला हवे.

तरीही जे उरते ते थोडे नाही. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बाहेर न्यावेच लागते. डॉक्टरने दहादा सांगूनही न होणारे चालणे त्या निमित्ताने घडते. वाटेत चार माणसे बोलतात. घरात कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, ही जाणीव अंथरुणातून उठवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये सांगितले, की जगात सहापैकी एक माणूस एकाकी आहे. गोव्यात हे आकड्यांनी सांगण्याची गरज नाही. मुले लंडनला किंवा आखातात, आणि मोठ्या घरात एकटी म्हातारी व तिचा कुत्रा, हे चित्र सासष्टीपासून बार्देशपर्यंत परिचयाचे आहे. सुरतेतही मुले परदेशी गेलेली घरे आहेतच.

अशा एकट्या ज्येष्ठाने दहा दारे ठोठवायची आणि प्रत्येक दारी सही मागायची. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशातून कामासाठी गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यातल्या भाडेकरूची अडचण तर दुहेरी: घरमालकाचा होकार आणि वर शेजाऱ्यांची मर्जी. पार्किंगवरून, पाण्याच्या टाकीवरून किंवा जातीवरून साठलेली अढी ना-हरकत पत्रावर सही न करण्यातून सहज निघते. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताचा ठराव झाला, तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. जे सोसायटीला एकत्रितपणे करता येत नाही, तेच दहा सह्यांच्या अटीने वेगळ्या वाटेने साधते.

आणि सुरक्षितता? दहा सह्या मिळालेला रॉटवायलर लस टोचलेला असेलच असे नाही. मालकाला त्याला आवरता येते का, याची परीक्षा शेजाऱ्याची सही घेत नाही. तीच सही नाकारली गेल्यास शांत स्वभावाचा गावठी कुत्रा मात्र बेकायदा ठरतो, लपवला जातो. लपवलेला कुत्रा लसीकरणाच्या नोंदीतूनही निसटतो. तिसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्याला भुंकण्याचा त्रास होत असेल, तर त्याची तक्रार ऐकायला यंत्रणा हवीच. पण तक्रार ऐकणे वेगळे आणि आगाऊ नकाराधिकार देणे वेगळे.

रेबीजच्या बाबतीत गोव्याचा अनुभव सुरतेला उपयोगी पडावा. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी घरचे आणि रस्त्यावरचे असा भेद न करता कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस टोचली, शाळांत मुलांना चाव्यानंतर काय करायचे ते शिकवले, संशयित कुत्र्यांचा माग ठेवला. २०१८ आणि २०१९ ही वर्षे माणसाच्या रेबीजमृत्यूविना गेली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. या कामात कोणाच्या शेजाऱ्याची सही लागली नव्हती. लसीची मोहीम आणि वहीतली नोंद, यांनी ते झाले.

खुद्द सुरतेलाही असा धडा ठाऊक आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेग पसरला, तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी भयाशी वाद घातला नाही. कचरा उचलला, गटारे साफ केली, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले. त्याहून मागे जायचे, तर १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघालेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तेथील प्राण्यांच्या इस्पितळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. गायी, घोडे, शेळ्या, कुत्रे यांची तेथे शुश्रूषा होत असे. शिवरायांच्या स्वाऱ्यांमुळे मराठी मनात सुरत संपत्तीचे नगर म्हणून ठसली आहे. ही तिची दुसरी ओळख आपल्याकडे फारशी पोचलेली नाही.

परवाना हवाच. तो वार्षिक लसीच्या दाखल्याशी, नोंदणी क्रमांकाशी, सार्वजनिक जागेत साखळीशी आणि बलदंड जातींच्या बाबतीत मालकाच्या प्रशिक्षणाशी जोडता येईल. चावा घेतल्यास भरपाई मालकाकडून वसूल करता येईल. यासाठी महापालिकेला पशुवैद्य नेमावे लागतील, प्रभागवार शिबिरे घ्यावी लागतील, नोंदवही अद्ययावत ठेवावी लागेल. दहा सह्या गोळा करण्याचे काम मात्र नागरिकच करतो. त्यासाठी महापालिकेला एकही पशुवैद्य नेमावा लागत नाही.